जे तुटायचं, तेच तुटू दे

अगं, गटाच्या अवजार बँकेची जबाबदारी तुझ्याकडे आली आणि तुझी झोप उडाली, हे मला कळतंय. दारात ट्रॅक्टर, त्याच्या मागे रोटाव्हेटर, शेडमध्ये मळणी यंत्र, कोपऱ्यात कडबा कुट्टी. सोयाबीन काढणीला आलंय, भाड्यासाठी लोक विचारायला लागलेत. ड्रायव्हर एक सांगतो, मिस्त्री दुसरंच सांगतो, आणि दुकानदार म्हणतो, "ताई, हाच न्या, चालतंय." तुला वाटतंय, यातलं मला काय कळणार? खरं सांगू का, महिन्याचा किराणा, दुधाचा हिशेब आणि गटाचे हप्ते जिच्या तोंडपाठ असतात, तिला पुली आणि पट्टा समजायला फार वेळ लागत नाही. मोजायचं, वहीत लिहायचं आणि वेळच्या वेळी बघायचं, एवढंच काम आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. इंजिनात तयार झालेली ताकद पात्यापर्यंत पोचते ती एकामागोमाग एक जोडलेल्या भागांतून. ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, म्हणजे पीटीओ, मग जॉइंट शाफ्ट, गिअरबॉक्स, मग चेन किंवा पट्टा, शेवटी बेअरिंगवर फिरणारा रोटर. मातीत दगड अडकला की त्याचा दणका याच वाटेने उलटा मागे येतो, आणि वाटेतला जो भाग सगळ्यात कमजोर असेल तो जातो. कोणता भाग कमजोर ठेवायचा, हे आपल्या हातात असतं बघ. स्वस्तातला बोल्ट तुटला तर चहा होईपर्यंत काम पुन्हा सुरू. गिअरबॉक्स फुटला तर हंगाम हातचा गेला.

आता एचपीचं बघ. ट्रॅक्टर ४५ एचपीचा म्हणजे मागच्या शाफ्टवर पूर्ण ४५ मिळतात, असं समजू नकोस. गिअरमधून येताना काही ताकद खर्च होते आणि पीटीओपर्यंत साधारण ८५ ते ९० टक्के पोचते, म्हणजे ३८ ते ४०. नवा ट्रॅक्टर घ्यायची वेळ आली, तर मध्य प्रदेशातल्या बुदनीला केंद्र सरकारची कृषी यंत्र चाचणी संस्था आहे, तिचा त्या मॉडेलचा अहवाल माग. त्यात पीटीओवर मोजलेली ताकद लिहिलेली असते, आणि अवजार निवडताना धरायचा आकडा तोच. साधारण हिशेब असा, की ३५ ते ४० एचपीला ५ फुटी रोटाव्हेटर, ४५ ते ५० ला ६ फुटी. आपल्या भारी काळ्या जमिनीत पऱ्हाटीची धसकटं असतील, तर मोठं पातं घ्यायचा मोह टाळ. शेजारच्या गावात ७ फुटी आहे म्हणून आपल्यालाही हवा, ही हौस शाफ्टच्या जिवावर येते.

आता थोडं गणित, पण घाबरू नकोस गं, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. एचपीला ७१६ ने गुण आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी भाग. पीटीओचे ठरलेले फेरे मिनिटाला ५४०. मग ४० गुणिले ७१६, भागिले ५४०, उत्तर ५३ च्या आसपास येतं. म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला ५३ किलो वजन टांगलं तर नटाला जेवढा पीळ बसेल, तेवढा पीळ तुझा शाफ्ट सतत सोसत असतो. आता ड्रायव्हरने डिझेल वाचवायला फेरे ४०० वर आणले आणि काम मात्र तेवढंच घेतलं, तर तोच आकडा ७१ च्या वर जातो. कमी फेऱ्यांत जास्त ओढणं म्हणजे शाफ्ट आणि त्याच्या जॉइंटमधला क्रॉस पिळून काढणं. म्हणून मीटरवर ५४० ची खूण जिथे आहे, काटा तिथेच राहिला पाहिजे, असं ड्रायव्हरला ठणकावून सांग. ताण वाटला तर गिअर खाली घ्यायचा, खोली कमी करायची. फेऱ्यांना हात लावायचा नाही.

शाफ्ट विकत घेताना दुकानात नुसतं "रोटाव्हेटरचा शाफ्ट द्या" म्हणू नकोस. ५४० फेऱ्यांवर हा किती एचपी घेतो, असं विचार. पीटीओचं टोक ६ दातांचं, ३५ मिलिमीटर जाडीचं आहे ना, ते बघ. काही मोठ्या ट्रॅक्टरांना २१ दातांचं टोक असतं, ते १००० फेऱ्यांचं. ५४० साठी बनवलेलं अवजार अडॅप्टर लावून त्याच्यावर कुणी चढवायला निघालं, तर सरळ नाही म्हण.

शाफ्टची लांबी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे बघ. शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत सरकतात. अवजार वर-खाली झालं की अंतर बदलतं, म्हणून ही सोय. दोन्ही तुकडे वेगवेगळे करून एक ट्रॅक्टरला आणि एक अवजाराला लाव, शेजारी शेजारी धर, आणि अवजार अशा उंचीवर ने जिथे ट्रॅक्टर आणि गिअरबॉक्स सगळ्यात जवळ येतात. तिथेही आतल्या नळीचं टोक पलीकडे टेकता कामा नये, इंचभर जागा मोकळी हवी. टेकलं तर सगळा जोर थेट गिअरबॉक्सच्या आणि पीटीओच्या बेअरिंगवर जातो. मग अवजार अशा उंचीवर ने जिथे अंतर सगळ्यात जास्त होतं. तिथे नळीच्या लांबीचा निदान एक तृतीयांश भाग एकमेकांत असलाच पाहिजे. शाफ्ट लांब निघाला तर कापावा लागतो, पण दोन्ही नळ्या आणि दोन्ही प्लॅस्टिकची आवरणं सारख्याच मापाने कापायची. कापलेली कड कानशीने घासून साफ करायची, नाहीतर नळी सरकायची बंद होते.

शाफ्ट पुन्हा जोडताना एक गोष्ट स्वतः उभी राहून बघ. आतल्या बाजूचे दोन्ही योक, म्हणजे क्रॉसला धरणारे दुहेरी कान, एका रेषेत आले पाहिजेत. जॉइंट वाकून फिरला की त्याचा वेग एकसारखा राहत नाही, एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. ५४० फेऱ्यांना सेकंदाला ९ फेरे, म्हणजे सेकंदाला १८ झटके. दुसऱ्या टोकाचा जॉइंट हे झटके खाऊन टाकतो, पण योक एका रेषेत असले तरच, आणि दोन्ही टोकांचा कोन सारखा असला तरच. रोटाव्हेटर थरथरतोय अशी तक्रार आली की गिअरबॉक्स उघडायच्या आधी योक बघ, मग टॉप लिंकची लांबी बघ. बांधाशी वळताना अवजार पूर्ण वर उचलून पीटीओ चालूच ठेवायचा, ही ड्रायव्हर लोकांची सवय मोडून काढ. तेव्हा शाफ्टचा कोन इतका वाढतो की क्रॉस अक्षरशः रडतो. वळताना पीटीओ बंद, हा गटाचा नियमच कर.

आता ग्रीसचं सांगते, कारण भाड्याच्या यंत्रात सगळी हेळसांड इथेच होते. शाफ्टच्या क्रॉसला कामाच्या दर ८ तासांनी ग्रीस, म्हणजे रोज एकदा. यंत्र तासाच्या हिशेबाने भाड्याने जातं ना, मग तासांची नोंद आपल्याकडे असतेच. गन लावायच्या आधी निपल फडक्याने पूस, नाहीतर वरची माती ग्रीसबरोबर आत जाते. मग हळूहळू दाबत राहा आणि क्रॉसच्या चारही टोकांकडे बघत राहा. टोपीच्या कडेने आधी काळं, जुनं ग्रीस बाहेर येईल, मग नवं. चारही टोकांतून नवं ग्रीस डोकावलं की झालं. तीनच टोकांतून आलं आणि चौथं कोरडं राहिलं, तर त्या टोकाची वाट बुजलीय असं समज. तिथल्या सुयांच्या बेअरिंगला ग्रीस मिळत नाहीये, म्हणजे पुढे जायचं तेच टोक. टोपीच्या कडेला तांबडी पूड दिसली तर क्रॉस आतून कोरडा पडून गंजलाय, तो बदलूनच टाक. शाफ्ट बंद असताना दोन्ही हातांनी धरून हलवून बघ, खटखट वाजला तरी हेच कर. सरकणाऱ्या नळ्यांनाही ग्रीस लागतं, ते सगळेच विसरतात.

आता त्या स्वस्तातल्या बोल्टकडे येऊ. शाफ्टला शिअर बोल्ट असतो. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर तिथे कुणी पाचाचं नाणं बसवत नाही, तसंच याचं आहे. तो तुटावा म्हणूनच बसवलेला असतो. सारखा तुटतोय म्हणून मिस्त्री ८ मिलिमीटरच्या जागी १० चा घालतो आणि काम झालं म्हणतो. दोनच मिलिमीटर वाढले, पण बोल्टची तुटायची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त झाली. आता पुढचा दणका बोल्ट सोसेल आणि गिअरचा दात जाईल. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात, तो त्याचा कस. पुस्तिकेत जो कस आणि जी जाडी लिहिली आहे, तेच बोल्ट डझनभर आणून डब्यात ठेव, आणि तो डबा ट्रॅक्टरवरच राहू दे. हाताशी योग्य बोल्ट नसला की माणूस मिळेल तो घालतो गं, दोष माणसाचा नसतो, रिकाम्या डब्याचा असतो.

आणि बोल्ट वरचेवर तुटत असेल तर कारण शोध. पात्यांना तार किंवा पऱ्हाटी गुंडाळली गेलीय का, एखादं बेअरिंग जाम आहे का, ड्रायव्हर इंजिनाचे फेरे वाढवून क्लच एकदम सोडतोय का, हे विचार. पीटीओ जोडायचा तो कमी फेऱ्यांवर, मग हळूहळू वाढवायचं.

काही शाफ्टना बोल्टऐवजी घसरणारा क्लच असतो, स्प्रिंगने दाबलेल्या चकत्यांचा. पावसाळाभर शेडमध्ये पडून चकत्या गंजून चिकटतात, आणि मग तो घसरतच नाही. हंगामाआधी प्रत्येक स्प्रिंगची लांबी मोजून वहीत लिही, नट सैल कर, अवजार अडवून क्षणभर क्लच घसरू दे, आणि नट पुन्हा त्याच लांबीवर आण. स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकेपर्यंत आवळला तर क्लच असून नसल्यासारखा. पहिल्यांदा हे करताना मिस्त्रीला शेजारी उभं कर, पण मोजमाप तूच घे.

आता पट्टे. मळणी यंत्र आणि कुट्टी, दोन्हींचा जीव यांच्यात असतो. पट्ट्यावर बी-७२ असं काहीतरी छापलेलं दिसेल. बी म्हणजे वरून १७ मिलिमीटर रुंद, आणि ७२ म्हणजे आतून मोजलेली लांबी इंचांत. ए असेल तर रुंदी १३, सी असेल तर २२. छाप पुसायच्या आत हे आकडे वहीत उतरव. व्ही पट्टा ओढतो तो पुलीच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसून. खाचेचा तळ चकाकताना दिसला, तर पट्टा तळाला टेकतोय आणि नुसता घसरतोय. तेव्हा पट्टा तरी झिजलाय किंवा पुली तरी. तीन पट्ट्यांच्या पुलीवर एक तुटला तर तिन्ही नवे घाल. जुने दोन ताणलेले असतात, मग सगळा भार नव्या एकट्यावर येतो आणि तोही लवकर जातो.

ताण किती ठेवायचा? दोन पुलींच्या मधोमध पट्टा अंगठ्याने दाब. पुलींमध्ये एक मीटर अंतर असेल तर पट्टा साधारण १६ मिलिमीटर, म्हणजे पाच सूत दबला पाहिजे. ढिला असेल तर चिरकतो, तापतो, जळका वास येतो. फार ताठ असेल तर बेअरिंग आणि शाफ्ट खातो. नवा पट्टा पहिल्या काही तासांत थोडा सैल होतोच, तेव्हा पहिल्या दिवशीच पुन्हा बघ. चढवताना पहारीने उचकटायचा नाही, आतले दोर तुटतात आणि बाहेरून दिसत नाही. मोटर पुढे सरकवायची, पट्टा हाताने बसवायचा, मग मागे ओढायची. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते दोरी ताणून बघ, दोन्हींच्या कडांना दोरी सगळीकडे टेकली पाहिजे. एवढं नीट असेल तर पट्टा घसरतोय म्हणून त्यावर राळ टाकायची गरजच पडत नाही.

कुट्टीबद्दल एक सांगायलाच हवं. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. मोटरवर ३ इंची पुली आणि यंत्रावर १२ इंची असेल तर चाक ३६० फेऱ्यांनी फिरतं. कुणी तुला सुचवेल, मोटरवर ४ इंची लाव, काम झटपट होईल. फेरे ४८० होतील, हे खरं. पण फिरणारं चाक स्वतःला बाहेर फेकायला बघतं, तो जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पावणेदोन पटीच्याही वर. पात्याचे बोल्ट आणि ते चाक त्या जोरासाठी बनवलेलं नाही. पुली बदलून वेग वाढवणं आपल्या शेडमध्ये बंद, असं मीच सांगितलंय म्हण.

चेनचं थोडक्यात सांगते. चेन ताणून धर आणि २० कड्यांची लांबी मोज. एक इंची चेन असेल तर ती बरोबर २० इंच हवी. पाच सूत वाढली, म्हणजे ३ टक्के, की चेन गेली. तिच्याबरोबर चेन व्हीलचे दातही बघ. ते एका बाजूला वाकडे, टोकदार झाले असतील तर दोन्ही एकदम बदल, नाहीतर जुने दात नवी चेन खातात. उघड्या चेनला वरून ग्रीस थापू नकोस, ते पिनांपर्यंत पोचत नाही आणि धूळ धरतं. पातळ तेल कड्यांच्या सांध्यात सोड. जोडाच्या लॉकची उघडी बाजू चेन जिकडे धावते त्याच्या उलट हवी.

बेअरिंगला भिऊ नकोस, त्याचा नंबरच माप सांगतो. ६२०५ असेल तर शेवटच्या ०५ ला ५ ने गुण, आतलं भोक २५ मिलिमीटर. ६२०६ असेल तर ३०. काम थांबल्यावर यंत्र पूर्ण बंद करून बेअरिंगच्या घरावर हात ठेव. हात ठेवता येत नसेल इतकं तापलं असेल तर काहीतरी बिनसलंय. गिअरबॉक्समध्ये बहुतेक रोटाव्हेटरना ९० नंबरचं गिअर ऑइल चालतं, पण पुस्तिका बघूनच घाल. लेव्हलचा बोल्ट उघडून पातळी बघ. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बदलून टाक.

आणि आता जे सांगणार आहे, त्यात तुझं काही ऐकून घेणार नाही. फिरत्या शाफ्टजवळ साडीचा पदर, ओढणी, मोकळी वेणी, गळ्यातला लांब रुमाल, काही म्हणजे काही चालणार नाही. हिशेब ऐक. नळी ६ सेंटिमीटर जाडीची धरली तर एका फेऱ्यात जवळजवळ १९ सेंटिमीटर कापड गुंडाळलं जातं, आणि सेकंदाला ९ फेरे. म्हणजे सेकंदाला जवळपास पावणेदोन मीटर. साडेपाच मीटरची साडी तीन-सव्वातीन सेकंदांत संपते, तेवढ्यात ओरडायलाही वेळ मिळत नाही. म्हणून शाफ्टचं प्लॅस्टिकचं आवरण फुटलं की अवजार भाड्याने जाणार नाही, कुणीही मागो. आवरण शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून त्याची साखळी अडकवलेली हवी. दुरुस्तीला हात लावायच्या आधी पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली तुझ्या हातात.

मळणी यंत्रासाठी तर १९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदाच आहे. पेंड्या सारायची परात ९० सेंटिमीटर लांब असावी आणि तिचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. तुझ्या यंत्राची परात टेप लावून मोज. आखूड असेल किंवा झाकण कुणी काढून ठेवलं असेल, तर मळणी सुरू व्हायच्या आधी करून घे. मळणीवर ज्या बाया पेंड्या सारतात त्यांच्यासाठी तू बोलायचं नाहीस तर कोण बोलणार? लांब बाहीचा शर्ट अंगात घालून पदर आत खोचणं, केस बांधून टापशी घालणं, हे त्या दिवसाच्या मजुरीइतकंच ठरलेलं असू दे.

एवढं ऐकून डोकं गरगरलं असेल, पण बघ, रोजचं काम ग्रीस, बोल्टचा डबा आणि आवरणावर एक नजर, इतकंच आहे. बाकीचं महिन्यातून आणि हंगामाआधी. उद्या सकाळी ड्रायव्हर यायच्या आधी वही घेऊन शेडमध्ये जा. पीटीओचा एचपी, शाफ्टची लांबी, शिअर बोल्टची जाडी आणि कस, पट्ट्यांचे नंबर, पुल्यांचे इंच, चेनचा पिच, बेअरिंगचे नंबर, असं प्रत्येक यंत्राला एक पान कर. त्या पानाचा फोटो गटातल्या दोघींच्या मोबाईलमध्येही पाठव, म्हणजे तू माहेरी गेलीस तरी काम अडणार नाही. आणि पुढच्या वेळी दुकानदार "चालतंय ताई" म्हणाला, की वही त्याच्या समोर उघडून सांग, "मला हेच माप हवं, नसेल तर मागवून द्या."